नख जिव्हाळीपर्यंत चिरलं तर: टी-बॅगचं ठिगळ आणि पुढची काळजी

नख चिरलं की बोट आपोआप तोंडाकडे जातं. दातात धरून एक हिसका दिला की सुटलो, असं वाटतं. पण चीर सरळ पुढे जात नाही, ती आत वळते आणि थेट जिव्हाळीला लागते. मग आठवडाभर तिखट-मिठाचा हात लागला की ब्रह्मांड आठवतं. तेव्हा ओढू नका. त्या बोटाला मायक्रोपोरची कागदी पट्टी गुंडाळा, हातातलं काम उरका, आणि मग उजेडात बसून चीर कुठवर गेली आहे ते पाहा.

चीर फक्त पुढच्या पांढऱ्या भागात असेल तर डागडुजीच्या भानगडीत पडू नका. नख कापा, घासून गोल करा. एक नख आखूड झालं म्हणून बिघडत नाही. जमलं तर बाकीचीही थोडी उतरवा, म्हणजे डोळ्यांना खटकत नाही आणि लांब राहिलेली नखं पुढच्या आठवड्यात तुटत नाहीत.

चीर गुलाबी भागात शिरली आहे, पण रक्त नाही, अशा वेळी ठिगळ लावायचं. ही चीर बहुतेक वेळा कडेलाच पडते, जिथे नख बोटाची साथ सोडून पुढे येतं त्या ठिकाणी. नख लांब असेल तर टोकाला बसलेला प्रत्येक धक्का तिथेच येऊन थांबतो.

रक्त येत असेल, मांस उघडं पडलं असेल किंवा नख मुळापासून हललं असेल, तर डिंक-गोंद काही लावायचं नाही. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

ठिगळ कसं लावायचं

लागणारं सामान: कागदी टी-बॅग (जाळीदार नायलॉनची चालत नाही), नेल ग्लू, २४० ग्रिटची नेल फाइल आणि बफर (नख गुळगुळीत करायचा मऊ ठोकळा), चिमटा, टूथपिक, नेलपॉलिश रिमूव्हर. ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितकी फाइल बारीक. १०० ग्रिटची फाइल नकली नखांसाठी असते. ती स्वतःच्या नखावर फिरवली तर नख पातळ होतं.

घरात पडलेलं फेविक्विक का नको, असा प्रश्न येतोच. दोन्ही सायनोअ‍ॅक्रिलेटच्याच, म्हणजे झटकन चिकटणाऱ्या गोंदाच्या, कुळातले. पण फेविक्विक फार पातळ असतं, क्षणात कातडीवर ओघळतं आणि ते शरीरावर लावण्यासाठी बनवलेलंही नाही. ब्रश असलेला नेल ग्लू जिथे लावाल तिथेच राहतो. खिडकी उघडी ठेवा, कारण वाफ डोळ्यांना झोंबते. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हा ग्लू कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर इतका तापतो की चटका बसतो. सांडलेला ग्लू कापसाने टिपायला जाऊ नका, आणि ठिगळासाठीही कापूस वापरू नका.

१. हात साबणाने धुऊन पुसा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. नख पाणी पिऊन फुगतं. ओल्या नखावर लावलेलं ठिगळ नख सुकून आक्रसलं की सुटतं.

२. नखाचा पुढचा भाग जमेल तितका आखूड करा. नेलकटरने नाही, फाइलने. कटर दाबला की नख सपाट होतं आणि चीर आणखी आत जाते. फाइल चिरेच्या बाजूने आत न्या. उलट दिशेने ओढली तर तुटकं टोक उचललं जातं.

३. चिरेवर आणि आजूबाजूला बफर दोन-तीनदा अलगद फिरवा. नखाची चमक गेली की पुरे. मग रिमूव्हरने पुसून तेलकटपणा काढा.

४. टी-बॅग उघडून चहा काढून टाका आणि कागदाचा तुकडा कापा. चिरेच्या चहूबाजूंनी साधारण २ मिलिमीटर जास्त, पण कातडीला कुठेही टेकणार नाही एवढाच. कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा पहिल्यांदा उचकटतो.

५. चिरेवर ग्लूचा एक पातळ हात द्या आणि टूथपिकने दोन्ही कडा जुळवून तीस सेकंद दाबून धरा. बोटाने दाबलंत तर बोटच चिकटेल.

६. चिमट्याने कागद ठेवा आणि वरून ग्लूचा दुसरा हात द्या. कागद पांढऱ्याचा पारदर्शक झाला म्हणजे ग्लू नीट मुरला. पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा आहे, आणि ठिगळ तिथूनच सुटणार.

७. पाच-सहा मिनिटांनी कडा बफरने सपाट करा. बोट फिरवून पायरी जाणवते का पाहा. जाणवली तर केस तिथेच अडकणार. ग्लूचा शेवटचा पातळ हात, तो वाळला की बेस कोट, वर हवं तर नेलपॉलिश.

चांगलं बसलेलं ठिगळ आठवडा-दहा दिवस टिकतं. कड उचलली गेली की ते सोलायचा मोह होतो, आणि सगळं नुकसान तिथेच होतं, कारण ठिगळाबरोबर नखाचे वरचे पदर निघून येतात. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवा, वरून स्वयंपाकघरातली फॉइल गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटांनी ठिगळ टूथपिकने हळूच सरकवा. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं. गॅसच्या ओट्यापाशी किंवा देवापुढे समई तेवत असताना हे काम नको. सुटलेल्या ठिगळाखाली पाणी साचू दिलं तर नख हिरवट होतं. तो डाग नसतो, जंतुसंसर्ग असतो. अशा नखावर पुन्हा ठिगळ लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

किती दिवस हे चालवायचं, त्याचा हिशोब सोपा आहे. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. चीर गुलाबी भागात ३ मिलिमीटर आत असेल तर महिनाभर, म्हणजे तीन-चार ठिगळं. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवीन नख यायला सहा महिने धरा. पायाचं नख याच्या निम्म्या वेगाने वाढतं, अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. हा वेग डोळ्यांनी पाहायचा असेल तर लग्नातली मेंदी आठवा. नखावर चढलेला केशरी रंग धुऊन जात नाही. मुळाकडून पांढुरकी पट्टी वाढत जाते आणि रंगाची रेघ पुढे सरकत राहते.

रक्त आलं असेल तर

वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा. मध्ये उघडून पाहायचं नाही. अर्धवट सुटलेलं नख उपटू नका. खालच्या मांसाला तेच सगळ्यात चांगलं झाकण असतं. लोंबणारं टोक तेवढं कापा, व्हॅसलिन लावा, वर न चिकटणारी गॉझ आणि पट्टी. दाराच्या फटीत बोट सापडून नखाखाली रक्त साकळलं आणि ठसठसायला लागलं, तर गरम सुईने भोक पाडण्याचा घरगुती उद्योग करू नका. डॉक्टर दोन मिनिटांत ते रक्त काढून देतात, शिवाय हाडाला मार लागलाय का हेही पाहतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून सांगा. मधुमेह असेल तर साध्या चिरेलाही हलकं समजू नये. नखुरडं व्हायला वेळ लागत नाही.

नख तुटतं कशाने

तुटलेला तुकडा फेकण्याआधी दोन बोटांत धरून वाकवा. कट्कन मोडला तर नख कोरडं पडलं आहे, त्याला तेल हवं. कागदासारखा दुमडला आणि मोडलाच नाही, तर नख जास्त मऊ आहे, पाण्यात फार राहतं. कडेला पापुद्रे सुटलेले दिसले तर ओलं-सुकं, ओलं-सुकं असं चक्र दिवसभर चाललेलं आहे. हा तिसरा प्रकार आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो.

नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि त्यात केराटिन या प्रथिनाने भरलेल्या चपट्या पेशींचे थर चिरोट्याच्या पदरांसारखे एकावर एक बसलेले. पाणी आत शिरलं की पदर फुगतात, सुकले की आक्रसतात. दिवसातून दोनदा भांडी, मध्ये भाजी धुणं, फडकी पिळणं, वर भांड्यांच्या साबणाने नैसर्गिक तेल धुतलेलं. हे दहा-बारा वेळा झालं की पदर सुटायला लागतात. म्हणून ‘नख कडक कसं करू’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. काच कडकच असते. नख लवचीक हवं, धक्का बसला की वाकून परत यायला हवं.

यातला सगळ्यात मोठा उपाय सगळ्यात कंटाळवाणा आहे: रबरी हातमोजे. आत सुती अस्तर असलेले घ्या, नाहीतर घामाने नख आतच भिजत राहतं. मोज्यात पाणी गेलं तर लगेच काढा. काम झाल्यावर उलटे करून वाळत घाला. घरी भांड्यांना मावशी येत असतील तर त्यांच्या मापाची एक जोडी वेगळी ठेवा. चार-पाच घरांची भांडी करणाऱ्या हातांना त्याची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे.

दुसरा उपाय तेल. एका नखाला एक थेंबही जास्त होतो. नखाच्या मुळाशी, कडांना आणि टोकाखालून लावून जिरवा. रात्री झोपताना एकदा, आणि मोजे न घालता पाण्यात हात घालणारच असाल तर त्याआधी एकदा. बदाम, तीळ, खोबरेल, घरात असेल ते चालतं. थंडीत खोबरेल थिजतं एवढीच अडचण. महागड्या बाटलीपेक्षा रोज लावण्याला महत्त्व आहे. नेलपॉलिश लावणार असाल तर मात्र आधी तेल पूर्ण पुसून काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सालपट निघेल.

तिसरं, नखाचा अवजार म्हणून वापर थांबवा. डब्यावरचं लेबल खरवडणं, कॅनची कडी उचलणं, कुकरला चिकटलेला भात काढणं, हे सगळं चमच्याच्या टोकाने होतं. लसूण सोलण्याआधी पाकळी सुरीच्या पात्याने दाबा. मेथी निवडताना नखाने खुडायची सवय असेल तर निदान ते एक नख आखूड ठेवा.

कापणं आणि घासणं

कामाच्या हातांना २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त लांबी परवडत नाही. आकार बोटाच्या टोकासारखा गोल किंवा गोलसर चौकोनी ठेवा. टोकदार आकारासाठी बाजू घासून काढाव्या लागतात आणि चिरेची जागा तिथेच कमकुवत होते. कटर वापरायचाच तर एका घासात नख कापू नका. बाजूने सुरुवात करून तीन-चार छोटे तुकडे काढा, मग १८० किंवा २४० ग्रिटच्या नाहीतर काचेच्या फाइलने कड गुळगुळीत करा. जाड, टणक नख आंघोळीनंतर कापायला सोपं जातं, पण फाइल कायम कोरड्या नखावरच फिरवायची. शेवटी बोटाने कड चाचपा. सुती रुमालावर नख ओढून पाहिलं तर लपलेला खाचा लगेच कळतो, धागा अडकतो. तिन्हीसांजेला नखं कापू नयेत म्हणतात. निदान अंधारात नीट दिसत नाही हे खरं.

मुळाशी असलेली पातळ कातडी कापू नका. ती नखाच्या मुळाचं दार बंद ठेवते. ती उघडली की पाणी आणि जंतू आत जातात.

जे विकलं जातं आणि जे सांगितलं जातं

नखं कडक करणाऱ्या काही द्रवांत फॉर्मल्डिहाइड असतं. सुरुवातीला नख खरंच घट्ट होतं, पण वापर चालू ठेवला की तेच नख काचेसारखं ठिसूळ होतं. आधीच कोरड्या नखावर तर ते लावूच नये. लिंबू नख आणखी कोरडं करतं. लसूण चोळल्याने कातडी भाजते. नखावरचे पांढरे ठिपके बहुतेक वेळा मुळाशी बसलेल्या माराचे असतात, कॅल्शियम कमी असल्याचे नाहीत. नखात कॅल्शियम एक टक्क्यापेक्षाही कमी असतं. नखाला बळ देतात ती केराटिनमधली गंधकाची बंधनं.

बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाचा उपयोग होतो असं काही लहान अभ्यासांत दिसलं आहे. त्यांत मात्रा सहसा रोज २.५ मिलिग्रॅम होती आणि परिणाम दिसायला महिने लागले. बाजारात ५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्याही सर्रास मिळतात. या गोळ्यांमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या निदानासाठी होणाऱ्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. तपासणीला जाताना गोळी चालू असल्याचं सांगायला विसरू नका.

सगळी काळजी घेऊनही सहा महिन्यांत फरक नसेल तर कारण नखात नाही, रक्तात असू शकतं. नख मधे चमच्यासारखं खोलगट झालं असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. जेवणाला लागून चहा पिण्याची सवय असेल तर ती सोडा, चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. नख पिवळट, जाड, भुसभुशीत होत असेल तर बुरशी असू शकते. मेडिकलमधून आणलेलं मलम त्याला सहसा पुरत नाही. आणि एकाच नखावर मुळापासून टोकापर्यंत नवी काळी-तपकिरी रेघ उमटली, ती रुंद होत चालली किंवा रंग बाजूच्या कातडीवर उतरला, तर त्यावर नेलपॉलिश लावून झाकू नका. बऱ्याच नखांवर असलेल्या जुन्या रेघा सावळ्या वर्णात नेहमीच्या आहेत. ही एकटी, वाढणारी रेघ मात्र त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.