कर्नल स्टॅकवरची की खरंच पुसली गेली का?

कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) फंक्शनमध्ये स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, एन्क्रिप्शनची की ठेवली आणि रिटर्नच्या आधी मेमसेटने (मेमरी ठरावीक मूल्याने भरणाऱ्या फंक्शनने) शून्य केली, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. की ठेवलेल्या त्या बफरला (मेमरीच्या तुकड्याला) पुढे कोणी हात लावत नाही हे कंपायलरला दिसतं आणि ऑप्टिमायझेशन चालू असलं की तो मेमसेट बिनकामाचा ठरवून सरळ उडवतो. सी भाषेच्या नियमांत यात काही चूक नाही! की मात्र तशीच पडून राहते, आणि नंतर त्याच जागेवर आलेलं फंक्शन अर्धवट भरलेलं स्ट्रक्चर यूझरस्पेसला (साधे प्रोग्राम चालतात त्या भागाला) कॉपी करताना तिचे बाइट बाहेर सोडू शकतं.

लिनक्समध्ये अशा ठिकाणी मेमझीरो_एक्स्प्लिसिट वापरा. आतून तोही मेमसेटच, पण त्याच्यामागे रिकाम्या असेंब्लीचा बॅरियर, म्हणजे ऑप्टिमायझेशनला घातलेला अडसर, असतो. त्यामुळे ती मेमरी पुढे वाचली जाईल असं कंपायलरला धरून चालावं लागतं. किती बाइट पुसायचे हे सांगताना साइझऑफ (आकार मोजणारा ऑपरेटर) बफरचा द्या, पॉइंटरचा (नुसत्या पत्त्याचा) दिलात तर ६४-बिट मशीनवर जेमतेम ८ बाइट पुसले जातील.

मग ऑब्जडंप या टूलने डिसअसेंबली (कंपायलरने बनवलेल्या मशीन कोडचं वाचता येणारं रूप) उघडून रिटर्नच्या आधी शून्य लिहिलं जातंय का ते डोळ्यांनी बघा. सोर्सवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या जागा) अपुरे पडले म्हणून कंपायलरने स्टॅकवर दुसरीकडे ठेवलेल्या कीच्या प्रती मात्र मेमझीरो_एक्स्प्लिसिटनेही पुसल्या जात नाहीत.