बीजिंगची देवळं आणि राजवाडे बघायचेत? आधी गुगोंगचं तिकीट, मग बाकीचं सगळं

बीजिंगचा प्लॅन करताना लोक आधी हॉटेल बघतात, मग ग्रेट वॉल, आणि फॉरबिडन सिटी, म्हणजेच गुगोंग, बादशहांचा जुना राजवाडा, तो काय शहरातच आहे, जाऊ कधीपण, असं धरून चालतात. तिथेच गडबड होते, कारण रोज ठरावीकच लोकांना आत सोडतात आणि तिकीट पासपोर्ट नंबरवर सात दिवस आधी ऑनलाइन सुटतं, सुट्टीच्या सीझनला तर लगेच संपतं. म्हणून आधी ते बुक करायचं आणि बाकीचे दिवस त्याच्या मागेपुढे बसवायचे. एप्रिल ते ऑक्टोबर 60 युआन, थंडीत 40. सोमवारी बंद असतं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळाच, अख्खा चीन फिरायला निघालेला असतो.

टॅक्सीवाल्याला फॉरबिडन सिटी वगैरे कळेलच असं नाही, गुगोंग म्हणायचं. ओरिजिनल पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्सवर काम होत नाही. फोनमध्ये अलीपे हे पैसे द्यायचं ॲप टाकून आपलं कार्ड इथूनच जोडून जा, तिकडे सगळं क्यूआर कोडवर चालतं. आणि गूगल मॅप्सच्या भरवशावर राहू नका, गूगल तिकडे चालतच नाही.

आता गुगोंग. 1406 ला काम सुरू झालं, 1420 ला संपलं, मिंग घराण्याच्या योंगल बादशहाने बांधलं आणि पुढे मिंग आणि छिंग मिळून 24 बादशहा इथून राज्य करून गेले. एंट्री फक्त दक्षिणेच्या वुमेन दरवाजातून. बहुतेक लोक मधल्या सरळ रेषेत चालत चालत उत्तरेच्या दरवाजाने बाहेर पडतात आणि मग म्हणतात की सगळे महाल सारखेच दिसतात. दिसणारच, बाजूला वळलंच नाही तर! मधले तीन मोठे महाल बघा पण तिथे सिंहासनासमोरच्या गर्दीत सेल्फीसाठी तासभर घालवू नका. पहिल्या मोठ्या महालाच्या छपराच्या कोपऱ्यावर छोटे छोटे प्राणी ओळीने बसलेत ते मोजा, दहा भरतील, आणि दहा फक्त याच इमारतीला, बाकी सगळीकडे कमी, म्हणजे छपरावरूनच इमारतीचा मान कळायचा. तिसऱ्या महालाच्या मागे ड्रॅगन कोरलेला अखंड दगड आहे, सोळा मीटरच्या वर लांब आणि 200 टनांहून जड, तो हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ करून त्यावरून ओढत आणला होता. तिथून उजवीकडे वळून खजिन्याच्या दालनात जा, वेगळं 10 युआनचं तिकीट लागतं पण पैसे वसूल.

उत्तरेच्या दरवाजातून बाहेर पडलं की समोरच जिंगशान टेकडी, 2 युआन तिकीट. पाय कितीही दुखत असले तरी चढाच, छोटी आहे. राजवाड्याचा खंदक खणला त्याच्या मातीची ही टेकडी. मिंगांचा शेवटचा बादशहा चोंगझेन याने 1644 मध्ये बंडखोर शहरात घुसल्यावर याच टेकडीच्या पायथ्याशी गळफास घेतला. वरून दक्षिणेकडे पिवळी छपरं एका रेषेत दिसतात, उत्तरेकडे नगारखाना, आणि अख्खं जुनं शहर एका सरळ रेषेवर बांधलंय हे डोळ्यांना दिसतं. 7.8 किलोमीटरची ती रेषा 2024 पासून जागतिक वारसा यादीत आहे. ऊन उतरताना जा, छपरं काय चमकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लामा मंदिर, म्हणजे योंगहगोंग. मेट्रो लाइन 2 किंवा 5, स्टेशनचं नावही तेच. 1694 ला हा एका राजपुत्राचा वाडा म्हणून बांधला, तो पुढे योंगझेंग बादशहा झाला, आणि 1744 ला इथे तिबेटी बौद्ध मठ झाला. उदबत्त्या फुकट मिळतात, विकत घेऊ नका. तीनच पेटवायच्या, त्याही बाहेरच्या पात्रात. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा, हे आपल्याला सांगायला नकोच. आत फोटो काढायचे नाहीत.

इथली माझी सगळ्यात आवडती गंमत म्हणजे पहिल्याच दालनात ढेरी सोडून हसत बसलेला बाबा, आपल्याकडे दुकानात गल्ल्याजवळ ठेवतात तोच लाफिंग बुद्धा. चीनमध्ये तो मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध. आणि शेवटच्या मोठ्या दालनात गेलात की तोच मैत्रेय चंदनाच्या एका अखंड खोडात, जमिनीवर 18 मीटर आणि आणखी 8 मीटर जमिनीखाली. मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. बाहेर पडून रस्ता ओलांडला की गल्लीत कन्फ्यूशियसचं देऊळ, तिथे गर्दी कमी आणि राजदरबारच्या परीक्षा पास झालेल्यांची हजारो नावं कोरलेल्या शिळा. एमपीएससीवाल्यांनी तर जावंच.

तियानतान, म्हणजे टेंपल ऑफ हेवन, लाइन 5 वरच आहे. इथे बादशहा चांगल्या पिकासाठी आकाशाची पूजा करायचा. गोल निळं 38 मीटर उंच देऊळ सगळ्यांनी फोटोत बघितलेलं असतं, पण ते 1889 ला वीज पडून जळलं आणि नंतर पुन्हा उभं केलं. बागेचं आणि आतल्या वास्तूंचं असं एकत्र तिकीटच घ्या नाहीतर बाहेरूनच परत याल, आणि सोमवारी बाग उघडी असली तरी वास्तू बंद. शक्यतो सकाळी लवकर जा, रिटायर्ड काकाकाकू नाचतात, पत्ते कुटतात, ते देवळाइतकंच बघण्यासारखं आहे.

शाकाहारी असाल तर योंगहगोंगच्या आसपास व्हेज हॉटेलं सापडतात, बाकी ठिकाणी पिशवीत चिवडा असू द्या.