बैठकीला बदामी रंग, आजीच्या लुगड्याचा काठ
नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घराची बैठक पांढऱ्या ट्यूबलाइटखाली फिकट दिसायची. दिवाळीआधी रंग दिला, सामान मात्र जुनंच ठेवलं.

शेडकार्डावर विसंबू नका. भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवा. सकाळी, भर दुपारी आणि दिवा लावून बघा. आपल्या नागपूरच्या उन्हात गडद केशरी डोळ्यांत खुपतो. म्हणून पश्चिमेची भिंत बदामी केली, गेरूचा रंग फक्त देवघराशेजारी. आधी पोपडे खरवडा, मग पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. बल्ब २७०० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे घ्या.

सागवानी दिवाण कूलरसमोरून हलवला, ओलाव्यानं त्याचे पाय फुगत होते. आजीच्या लुगड्याचे उशांना अभ्रे शिवले, काठ उसवून पडद्यांना लावला. संध्याकाळी तो जांभळा काठ काय खुलतो!