डिस्चार्ज बुकात नाव चुकलंय? अर्ज करताना या चुका टाळा

आमच्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात मिलिटरीतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, मग तो शिपाई म्हणून का रिटायर झालेला असेना. तर असे मेजर लोक, आणि मेजर गेल्यावर मागे राहिलेल्या काकू, पिशवीत कागद भरून माझ्याकडे येतात, कारण मी नोकरीची शेवटची काही वर्षं रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसात, क्लार्की केलीय हे सगळ्या गावाला माहितीय. केस बहुतेक सारखीच, डिस्चार्ज बुकात (रिटायर होताना मिळतं ते नोकरीचं पुस्तक) एक नाव, आधारवर दुसरं, एकदा-दोनदा अर्ज केलेला आणि तो "ऑब्झर्वेशन", म्हणजे त्रुटीचा शेरा, लागून परत आलेला. का परत येतो ते सांगतो.

आधी बँकेत जाऊ नका

सगळ्यात मोठी चूक हीच. पेन्शन बँकेत येते म्हणून माणूस बँकेत जातो, तिथून तहसीलला, तिथून सेतूत, आणि सहा महिने गेल्यावर कुणीतरी सांगतं की रेकॉर्डला लिहा. अहो, बँकेकडे ते नाव आलं कुठून? भरतीच्या वेळी किंड्रेड रोल, म्हणजे घरच्या माणसांची यादी, भरला, त्यात आईवडील आले, पुढे लग्न झालं, पोरं झाली तशी युनिटने पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्या बदलाची अधिकृत नोंद, काढली, त्या सगळ्यावरून रिटायर होताना पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, बनला आणि पीपीओवरून बँक. पाणी वरून खाली येतंय, मग खालच्या नळाला फडकं बांधून काय होणार. रेकॉर्ड ऑफिस आधी स्वतःचं रेकॉर्ड दुरुस्त करतं, मग पेन्शन मंजूर करणाऱ्या प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन ऑफिसला कळवतं, तिथून दुरुस्तीचा पीपीओ निघतो, त्याला कॉरिजेंडम म्हणतात. हा क्रम उलटा होत नाही.

आणि रेकॉर्ड ऑफिस म्हणजे तुमच्या रेजिमेंटचं किंवा कोरचं, जवळचं नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं (इंजिनिअर लोकांचं) खडकीत, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोरचं, सिकंदराबादला. नेव्हीच्या सेलर लोकांचं मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे. एक गोष्ट मात्र भलेभले विसरतात, रिटायर होऊन परत डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोर) गेलेला माणूस असेल तर त्याचं दुसऱ्या नोकरीचं रेकॉर्ड केरळात कन्नूरला असतं. एकीकडे बायकोचं नाव दुरुस्त झालं म्हणून दुसरीकडे आपोआप होत नाही, हे ज्यांना दोन पेन्शन आहेत त्यांनी भिंतीवर लिहून ठेवा.

शालन की सुमन

आपल्याकडे लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, संपलं. माहेरची सुमन सासरी शालन झाली. नवऱ्याने युनिटमध्ये जाऊन सांगितलं सुमन, कारण सोयरीक झाली तेव्हा तेच नाव कानावर होतं, आणि आधार कार्ड निघालं शालन नावाने. मेजर जिवंत आहेत तोवर कुणाचं काही अडत नाही, अडतं ते फॅमिली पेन्शनच्या वेळी.

इथे लोक काय करतात, नुसतं "नाव बदलून द्यावे" असं लिहितात. नाव बदलणं वेगळं आणि सुमन आणि शालन ही एकच बाई आहे हे सिद्ध करणं वेगळं. अॅफिडेव्हिटमध्ये दोन्ही नावं पूर्ण, माहेरच्या आडनावासकट आली पाहिजेत आणि "एकच व्यक्ती" हे शब्द पाहिजेत. नवरा असेल तर दोघांचं जॉइंट अॅफिडेव्हिट, सोबत जॉइंट फोटो. पूर्ण नाव बदलत असेल तर पेपरातली जाहिरात, गॅझेट हेही मागतात, नुसता स्पेलिंगचा फरक असेल तर बऱ्याचदा कमी कागदात भागतं. प्रत्येक रेकॉर्ड ऑफिसची कागदांची लिस्ट थोडी वेगळी असते, त्यामुळे गॅझेटवर पैसे घालायच्या आधी ती लिस्ट मागवा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारलं तरी मिळते.

स्पेलिंगचं म्हणाल तर आपला ज्ञ हा सगळ्यांचा बाप आहे. ज्ञानू आपण लिहितो डी-एन-वाय ने, हिंदी पट्ट्यातला क्लार्क कानाने ऐकून लिहितो जी-वाय ने, म्हणजे कागदावर ग्यानू. त्यात नाव, बापाचं नाव, आडनाव ही आपली पद्धत तिकडे माहीत नसते, मग कुठे आडनाव पुढे, कुठे आडनावच गायब, कुठे बाई आणि ताई नावाला चिकटलेलं. (मी स्वतःही असली नावं टाईप केलीत, खोटं कशाला बोलू.)

एक उलटा प्रकार पण बघितलाय. रेकॉर्डला चुकीचं नाव आहे म्हणून आधारच त्या चुकीच्या नावावर करून आणतात, पटकन होतं म्हणून. मग पॅन जुळत नाही, सातबारा जुळत नाही, पोराच्या दाखल्यावर आईचं नाव जुळत नाही. आधी घरात बसून ठरवा की खरं नाव कुठलं आणि कागद जास्त कुठल्या बाजूला आहेत.

जन्मतारीख, आणि ती पण कुणाची

बायकोची किंवा मुलांची जन्मतारीख चुकली असेल तर पुरावा देऊन दुरुस्त होते. आपल्या पिढीत निम्मी गावं 1 जूनला जन्मलेली, गुरुजींची कृपा, त्यामुळे शाळेचा दाखला आणि ग्रामपंचायतीचा जन्मदाखला वेगळा निघतो. कुठला लावायचा ते आधी बघा, दोन्ही एकत्र जोडलेत की अर्ज परत आलाच म्हणून समजा.

फौजीची स्वतःची जन्मतारीख मात्र रिटायर झाल्यावर बदलायच्या नादाला लागू नका. भरतीला जी लिहिली तीच धरतात. जनरल व्ही. के. सिंग लष्करप्रमुख असताना त्यांचंही काम झालं नाही, लष्कराच्या मुख्यालयातल्या एका शाखेत जन्मसाल 1950 आणि दुसऱ्या शाखेत 1951, सुप्रीम कोर्टात गेले आणि फेब्रुवारी 2012 मध्ये याचिका मागे घ्यावी लागली. तिथे तुमचं-माझं काय.

अर्ज लिहिताना

नंबर अर्धा लिहितात. नायब सुभेदार झाल्यावर नवा जेसी (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा) नंबर मिळतो, लोक तेवढाच टाकतात, जुना आर्मी नंबर पण टाका. एका अर्जात बायकोचं नाव, पोरीची तारीख, मेडल आणि अपंगत्वाची पेन्शन सगळं घुसडू नका, प्रत्येक गोष्ट वेगळ्या टेबलावर जाते. आणि अपंगत्वाचं तर प्रकरणच निराळं. मेडिकल बोर्डाने लिहिलं की आजार नोकरीमुळे झालेला नाही, तर ती टायपिंगची चूक नसते, तो बोर्डाचा निर्णय असतो, तिथे दुरुस्तीचा अर्ज नाही तर अपील लागतं, त्याला मुदत असते, आणि लोक दुरुस्तीच्या अर्जाची वाट बघत मुदत घालवतात.

स्टॅम्प पेपरवर पंचांसमोर लिहिलेली फारकत घेऊन पहिलीचं नाव काढा आणि दुसरीचं घाला असा अर्ज करू नका. कोर्टाचा डिक्री मागतात. उलट पहिलं लग्न कायद्याने मोडलेलं नसताना दुसरं केल्याचं तुम्हीच लेखी दिलंत असं होऊन बसतं.

ओरिजिनल डिस्चार्ज बुक पोस्टाने पाठवू नका. झेरॉक्स, अटेस्ट करून, स्पीड पोस्टने, पावती जपून.

हे सगळं करायच्या आधी एक काम, रेकॉर्डमध्ये खरंच काय लिहिलंय ते बघा. 10 रुपयाची पोस्टल ऑर्डर लावून आरटीआय टाका, किंड्रेड रोल आणि फॅमिलीच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागा, 30 दिवसात उत्तर द्यावं लागतं. कितीदा तरी रेकॉर्ड बरोबरच निघतं आणि घोळ बँकेकडून स्पर्शमध्ये, म्हणजे सैनिकांच्या पेन्शनच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये, डेटा गेला तिथला असतो. स्पर्शला पेन्शनर डेटा व्हेरिफिकेशन, म्हणजे आपली माहिती तपासून मान्य करायचं पान, येतं तेव्हा कॅफेतला पोरगा सगळ्याला ओके ओके करून मोकळा होतो, आणि चुकीच्या नावावर तुमचीच सही पडते. शेजारी बसून एकेक ओळ वाचून घ्या, शंभर रुपये घेतोय तो.

रेकॉर्डने लेखी नकार दिला तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजी लोकांच्या तक्रारींचं कोर्ट, आहे, महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबईचा बेंच. शेवटच्या नकारापासून सहा महिने धरतात, त्यामुळे नकाराचं पत्र ट्रंकेत टाकून देऊ नका.

आणि कॉरिजेंडम आला की पेढे वाटायच्या आधी तो वाचा. परवाच एका काकूंचा आला, शालन अगदी बरोबर, पण आडनावातला एक काना उडालेला. परत अर्ज लिहायला घेतलाय.