टर्बो इंजिनला फोर्ज्ड पिस्टन निवडताना ब्रँड नंतर विचारा, माप कुठे घ्यायचं ते आधी विचारा

इंजिन बिल्डिंग शिकायला नवीन आलेली पोरं एकच प्रश्न विचारतात, ‘दादा, टर्बो गाडीला फोर्ज्ड पिस्टन कुठले टाकू?’ ह्याचं उत्तर नुसतं ब्रँडचं नाव सांगून देणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहा, असं माझं स्पष्ट मत आहे. वायसेको, जेई, माहले, वोस्नर हे सगळे चांगलाच माल बनवतात. पण भारीतला भारी पिस्टन चुकीच्या मापाच्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, बसवला की पहिल्याच मोठ्या चढाला चिकटतो, आणि तेव्हा डब्यावरचं नाव काही कामाला येत नाही.

फोर्ज्ड म्हणजे दाबून घडवलेला, कास्ट म्हणजे ओतलेला, आणि बूस्ट म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, एवढं सांगून पुढे जातो. उदाहरणाला भारतात विकलेल्या पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचं १.८ टर्बो इंजिन घेतो, कारण माझी निम्मी अक्कल त्याच इंजिनाने दिलीय. बोअर ८१ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८६.४, १७८१ सीसी, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, कास्ट आयर्नचा ब्लॉक, कंपनीतून १५० पीएस पॉवर आणि २१० एनएम टॉर्क.

आधी एक कडू गोष्ट. तुम्हाला पिस्टन लागतात का हेच बऱ्याच जणांनी तपासलेलं नसतं. ह्या इंजिनात कंपनीचे कनेक्टिंग रॉड पिस्टनच्या आधी मान टाकतात, टॉर्क ४०० एनएमच्या आसपास गेला की रॉड वाकायची भीती सुरू होते. म्हणजे पैसे मोजकेच असतील तर आधी रॉड, आणि इंजिन उघडलंच आहे तर मग पिस्टन. उलटं करणारे खूप बघितलेत, कारण पिस्टन फोटोत छान दिसतात. दुसरं म्हणजे फोर्ज्ड पिस्टन नॉकिंगवरचं, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप भडकून पिस्टनला बसणाऱ्या ठोक्यांवरचं, औषध नाही. कास्ट पिस्टनची रिंगांमधली भिंत नॉकिंगने तुटते, फोर्ज्ड आधी थोडा वाकतो, सहन करतो, तुम्हाला थोडा वेळ देतो, एवढंच. ट्यूनिंग चुकीचं असेल, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापत असेल, कमी ऑक्टेनचं साधं पेट्रोल भरून बूस्ट वाढवला असेल तर फोर्ज्डही जातो, जरा उशिरा जातो.

आता पिस्टनचा ॲल्युमिनियम मिश्रधातू. दोनच नावं लक्षात ठेवा, ४०३२ आणि २६१८. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण १२ टक्के असतं त्यामुळे तो कमी फुगतो, झिजतो कमी, बोअरमध्ये घट्ट बसवता येतो, सकाळी इंजिन थंड असताना आवाज करत नाही. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नाहीच, तो जास्त चिवट आहे, नॉकिंगचा मार जास्त खातो, पण तापला की जास्त फुगतो म्हणून पिस्टन आणि बोअरमध्ये जागा जास्त ठेवावी लागते आणि थंड असताना टकटक वाजतो. रोज ऑफिसला जाणारी, रविवारी घाटात पळवायची गाडी असेल आणि बूस्ट माफक असेल तर मी ४०३२ च सुचवतो. बूस्ट खूप वाढवायचा आहे, ट्रॅकवर दिवसभर पिळायची आहे, तर २६१८ घ्या आणि सकाळचा आवाज मान्य करा. गरम झाल्यावर आवाज गेला तर घाबरायचं काही नाही, तो बिघाड नाही, त्या धातूचा स्वभाव आहे.

हे सगळं तुम्ही कुठेही ऐकाल. ज्याच्यात आम्ही अडकलो ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याच्यावर जरा जास्त लिहितो, कंटाळा आला तरी वाचा.

पिस्टन गोल नसतो. हे कॉलेजात एका ओळीत सांगतात आणि पुढे जातात. तो वरून बघितला तर किंचित अंडाकृती असतो, आणि बाजूने बघितला तर पिंपासारखा, वरच्या टोकाला कमी, खाली स्कर्टच्या, म्हणजे रिंगांखालच्या घेराच्या, एका ठरावीक उंचीवर सगळ्यात जास्त. कारण वरचा भाग जास्त तापतो, जास्त फुगतो, म्हणून थंड असताना तो मुद्दाम लहान ठेवलेला असतो. पिस्टनबरोबर जो कागद येतो त्याच्यावर लिहिलेलं असतं की स्कर्टच्या खालच्या कडेपासून इतक्या मिलिमीटरवर, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात माप घ्या. हा आकडा प्रत्येक डिझाइनला वेगळा असतो. माप घ्यायची जागा ही एवढीच, दुसरी नाही.

आमच्याकडे झालं असं की आम्ही पिस्टन आणि कागद दोन्ही बाहेरच्या मशीन शॉपला दिले. तिथल्या माणसाने कागद बाजूला ठेवला, ऑइल रिंगच्या लगेच खाली मायक्रोमीटर लावला, ८१.३७ आलं, त्याच्यात ठेवायला सांगितलेली ०.०८ मिलिमीटर जागा मिळवून बोअर ८१.४५ ला होन करून, म्हणजे दगडाने घासून, दिला. हिशोब बरोबर, जागा चुकीची. योग्य जागी तोच पिस्टन ८१.४२ होता. म्हणजे आम्हाला वाटत होतं आठ शतांश मिलिमीटर जागा आहे आणि प्रत्यक्षात होती तीन शतांश, आणि पिस्टन २६१८ चे.

तीन शतांश म्हणजे किती कमी ते बघा. स्कर्ट १०० अंशांनी तापला असं धरा. ८१ मिलिमीटरचा २६१८ पिस्टन साधारण ०.१८ फुगतो, ४०३२ असता तर ०.१५ च्या आसपास. लोखंडी बोअरपण फुगतो पण निम्माच, आणि त्याच्या बाजूला पाणी फिरत असतं म्हणून तो तेवढा तापतही नाही. त्यामुळे थंड असताना ठेवलेली जागा गरम झाल्यावर जवळजवळ संपते, आणि ती संपूर्ण संपू नये म्हणून तर आधी जास्त ठेवायची असते. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ह्या इंजिनाला पिस्टन ८०.९६५ आणि बोअर ८१.०१, म्हणजे साडेचार शतांश दिलेत, ते कंपनीच्या पिस्टनसाठी. बरेच जुने कारागीर हाच आकडा डोक्यात ठेवून काम करतात आणि आठ शतांश म्हटलं की ‘एवढं सैल?’ म्हणून तुम्हालाच वेड्यात काढतात. त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण इथे कागदच ऐकायचा.

इंजिन जोडून झाल्यावर रनिंग-इनला, म्हणजे नवे भाग सरावायला, गाडी निपाणीच्या पुढे तवंदी घाटात नेली होती. चढाला पॉवर एकदम मेल्यासारखी झाली, टेम्परेचर काटा जागेवर होता, बाजूला घेऊन बंद केलं आणि थोड्या वेळाने स्टार्टर मारला तर इंजिन जड फिरत होतं. खोललं तेव्हा दोन नंबर आणि तीन नंबरच्या पिस्टनच्या स्कर्टवरचं काळं कोटिंग मधोमध अंगठ्याएवढं घासून चकचकीत झालेलं, त्याच्या आत उभे ओरखडे, नख फिरवलं की अडकत होतं, आणि बोअरच्या भिंतीला ॲल्युमिनियमचा राखाडी लेप चिकटलेला. ब्लॉक वाचला, कारण ८१.४५ वरून ८१.५० ला होन करताना ओरखडे निघून गेले. दोन पिस्टन गेले. त्या वजनाचे दोन सुटे पिस्टन मागवणं, कस्टम ड्युटी, गाडीच्या मालकाचे रोजचे फोन, हे सगळं आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

ह्याच गोष्टीची अजून दोन टोकं आहेत. एक, डब्यावर ८१.५० लिहिलंय म्हणजे पिस्टन ८१.५० चा असतोच असं नाही, बहुतेक वेळा तो बोअरचा साइज असतो आणि पिस्टन त्याच्यापेक्षा लहान बनवलेला असतो, म्हणजे जागा आधीच धरलेली असते. तुम्ही पुन्हा आठ शतांश मिळवले तर इंजिन खडखड वाजणार आणि तेल पिणार. दोन, स्कर्टवर कोटिंग असेल तर माप कोटिंगवरून घ्यायचं की कोटिंग सोडून, हे कागदावर वाचा, नसेल तर बनवणाऱ्याला मेल करा. उत्तर येतं, मला आलंय.

म्हणून पिस्टन हातात येईपर्यंत ब्लॉक बोअरिंगला टाकायचा नाही. मालक घाई करतो, पिस्टन कस्टममध्ये अडकलेत, ‘तोपर्यंत बोअर तरी करून घेऊ’ असं सगळ्यांना वाटतं. नाही म्हणा. चारही पिस्टन स्वतः मोजा, कागदावर लिहा, त्याच्यापुढे पाहिजे तो बोअर लिहा, आणि तो कागद मशीन शॉपच्या भिंतीवर चिकटवा. पिस्टन, मायक्रोमीटर आणि ब्लॉक एकाच खोलीत रात्रभर ठेवून सकाळी मोजा. कोल्हापुरात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी मोजलेलं ॲल्युमिनियम तुम्हाला खोटं सांगतं. आणि होनिंग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून करून घ्या, हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा आकार बदलतो.

कॉम्प्रेशन रेशोबद्दल, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं त्याबद्दल, थोडक्यात. टर्बो म्हणजे कॉम्प्रेशन पाडायचंच हा समज सोडा. रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ बूस्टशिवाय चालते, ८ ला पाडली तर सिग्नलवरून निघताना मेलेली वाटते. मी ९ ते ९.३ च्या मध्ये खूश आहे, १०० ऑक्टेन कधीतरीच मिळणार असेल तर ८.८ वर या. ८१.५० बोअरला एक सिलिंडर साधारण ४५१ सीसीचा होतो, तिथे ९.२५ वरून ८.५ ला यायला फक्त साडेपाच सीसी लागतात, त्यामुळे पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीचे सीसी आणि हेडमधल्या पोकळीचे सीसी मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. जाड हेड पॅकिंग टाकून कॉम्प्रेशन कमी करायचा शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही, अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅकिंगने अडीच सीसीच्या वर वाढतात हे खरं, पण हेड आणि पिस्टनमधलं अंतर वाढून नॉकिंगची तक्रार उलट वाढू शकते.

गजन पिन तपासा. ह्या इंजिनाच्या सुरुवातीच्या रॉडना २० मिलिमीटरची पिन होती, नंतरच्यांना १९. रॉड एका जागेवरून आणि पिस्टन दुसऱ्या जागेवरून स्वस्तात मिळाले म्हणून घेणाऱ्यांचा खेळ इथेच संपतो. पिनचे लॉक एकदा काढले की फेकून द्या, पुन्हा वापरायचे नाहीत, ह्याच्यावर वाद नको.

रिंगचा गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, स्वतः फाइल करायला शिका. माफक टर्बोच्या रस्त्यावरच्या गाडीला वरच्या रिंगला बोअर गुणिले ०.००५, म्हणजे ८१.५ ला साधारण ०.४१, दुसऱ्या रिंगला गुणिले ०.००५५, म्हणजे ०.४५. दुसरीचा गॅप जास्त का, तर दोन रिंगांच्या मध्ये गॅस अडकून वरची रिंग उचलली जाऊ नये म्हणून. गॅप कमी ठेवला आणि रिंगची टोकं तापून एकमेकांना भिडली तर पिस्टनचा वरचा तुकडाच निघतो. जास्त झाला तर थोडा धूर, थोडं तेल. म्हणून शंका असेल तेव्हा मोठ्या बाजूला राहा. सेटबरोबर आलेला कागद वेगळा आकडा देत असेल तर तोच खरा.

वस्ताद निवडायचा कसा, हेपण विचारतात. नुसत्या हाताने पिस्टन ढकलून ‘बरोबर बसलाय’ म्हणणाऱ्याकडे शिकू नका, त्याचा हात कितीही चांगला असो, तुम्हाला तो हात मिळणार नाही. उद्यमनगरात मला जे एक फोरमन भेटले ते प्रत्येक माप माझ्याकडून आधी घ्यायचे, मग स्वतः घ्यायचे, आणि दोन्हीत एक शतांशाचा फरक आला तरी पुन्हा घ्यायला लावायचे. पहिले काही महिने रडू यायचं. पगार नव्हता म्हणण्याएवढा, वयाने लहान पोरं कंपनीत चिकटली होती, घरचे विचारायचे की हे अजून किती दिवस. तुमचंही असंच चाललं असेल तर चालू द्या, हात हळूहळूच बसतो आणि बसल्यावर जात नाही.

कायद्याचं एक सांगून ठेवतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत केलेले बदल हा गंभीर विषय आहे आणि बोअर ०.५० मिलिमीटरने मोठा केला की सीसीसुद्धा १८०३ होतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला आरटीओ आणि विम्याबद्दल काम घ्यायच्या आधी सांगा, नंतर नाही.

हातात पहिले पैसे आले की पिस्टनच्या आधी ७५ ते १०० मिलिमीटर रेंजचा चांगला मायक्रोमीटर घ्या, सेटिंग रॉडसकट, मग बोअर गेज. सेकंडहँड चालेल, पण कॅलिब्रेशन करून घ्या. आणि मशीन शॉपमध्ये पहिल्यांदा गेलात की रेट विचारायच्या आधी एवढंच विचारा, ‘पिस्टन कुठल्या उंचीवर मोजता?’ त्याने कागद मागितला तर ब्लॉक गाडीतून उतरवा.