गच्ची बांधताना, डेक टाकताना या चुका टाळा

गच्चीचं काम ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती टाइल्सची. रंग कुठला, डेक (फळ्यांची उचललेली बैठक) लाकडी की डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचा), बसायची जागा कुठे, कुंड्या किती. पाणी कुठून जाणार हा प्रश्न निघतो तो गवंडी कामावर हजर झाल्यावर, आणि मग उत्तरही तोच देतो: "काढतो ना ढाळ, काळजी नको." गच्चीच्या बहुतेक तक्रारी या उलट्या क्रमातून जन्माला येतात. दिसणारा थर आधी ठरतो आणि पाण्याची वाट उरल्यासुरल्या जागेतून काढली जाते. क्रम असा हवा: आधी पाणी, मग वजन, मग उंची, आणि सगळ्यात शेवटी टाइल किंवा फळी.

ढाळ आणि उंबरा एकत्र न मोजणं

१:१०० ढाळ म्हणजे मीटरमागे १ सेंटिमीटर. उघड्या गच्चीला याहून कमी नको, १:८० मिळाला तर उत्तम. आकडा किरकोळ वाटतो, पण आउटलेट, म्हणजे पाणी बाहेर जायचं तोंड, ८ मीटरवर असेल तर दुसऱ्या टोकाला भराव ८ सेंटिमीटरने वाढतो. त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर मसाला, त्यावर टाइल. ही सगळी जाडी आधी मोजली नसेल तर दारापाशी जागा संपते. तिथे ढाळ कमी केला जातो आणि पाणी नेमकं उंबऱ्याशी येऊन थांबतं.

म्हणून उंची उंबऱ्यापासून खाली मोजत यावी. गच्चीची टाइल बसून तयार झालेली पातळी आतल्या फरशीपेक्षा १५ सेंटिमीटर तरी खाली हवी. नवीन बांधकाम असेल तर गच्चीचा स्लॅबच खाली घ्यायला सांगा, तेव्हा ते फार सोपं असतं. स्लॅब आधीच एका पातळीत पडला असेल तर उंबरा उंच करणं आणि दारासमोर जाळीचा पन्हळ काढणं एवढेच मार्ग उरतात. उंबऱ्याला ठेच लागते म्हणून तो सपाट करून घेणारेही भेटतात. त्यांच्या खोलीतली फरशी पहिल्याच जोरदार पावसात ओली होते.

ढाळ बरोबर आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. टाइल बसण्याआधी कोब्यावर, म्हणजे ढाळासाठी घातलेल्या भरावावर, चार-पाच बादल्या पाणी ओता आणि तासाभराने पाहा. जिथे पाणी थांबलं असेल त्याच्या कडेने खडूने रेघ मारा आणि मधोमध पट्टी उभी धरून खोली मोजा. दोन-तीन मिलिमीटरचं डबकं टाइलखालच्या मसाल्यात सुधारता येतं. बोटभर खोल असेल तर तेवढा भाग फोडून पुन्हा करून घ्या. मिस्त्री कुरकुर करेल, करू द्या.

एकच आउटलेट, तोही कसातरी बसवलेला

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. ६० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ३,००० लिटर पाणी बाहेर पडायला हवं. तेवढ्यात एकुलत्या एका आउटलेटवर पालापाचोळा किंवा प्लास्टिकची पिशवी बसली, की गच्चीचं तळं होतं. आउटलेट दोन असावेत. शिवाय कठड्यातून आरपार एक ओव्हरफ्लो पाईप ठेवावा आणि तो उंबऱ्याच्या पातळीपेक्षा खाली असावा. उंबऱ्याच्या वर ठेवलेल्या ओव्हरफ्लोचा काही उपयोग नाही, कारण पाणी त्याच्याआधी घरात शिरतं. जाळी सपाट नको, घुमटाच्या आकाराची घ्या. सपाट जाळीवर एक मोठं पान पडलं तरी तोंड बंद होतं.

मात्र माझ्या मते गच्चीतली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे पाईप स्लॅबमधून जातो ती. पुष्कळदा घडतं असं: वॉटरप्रूफिंग होऊन जातं, मग प्लंबर येतो, स्लॅबला भोक पाडतो, पाईप घालतो आणि भोवतीची फट साध्या सिमेंटने बुजवून निघून जातो. ते सिमेंट वाळताना आकसतं आणि गुळगुळीत पीव्हीसीला धरून राहत नाही. पाईपभोवती केसाएवढी चीर पडते. पाणी पाईपच्या आतून न जाता बाहेरच्या अंगाने उतरतं आणि खालच्या छतावर गोल डाग उमटतो. हे टाळायचं तर पाईप आधी बसला पाहिजे. त्याची बाहेरची बाजू खरवडून खडबडीत करावी, फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या मसाल्याने) भरावी आणि वॉटरप्रूफिंगचा थर पाईपच्या तोंडातून आत वळवून घ्यावा. तोंडाभोवतीचा हातभर भाग बाकीच्या ढाळापेक्षा सेंटिमीटरभर खोल ठेवला की पाणी तिथे रेंगाळत नाही.

वॉटरप्रूफिंग: घाई इथेच नडते

थर सपाट भागावर नीट बसतो, सुटतो तो कोपऱ्यात. स्लॅब आणि कठडा जिथे काटकोनात भेटतात तिथे मसाल्याची गोलाई करून घ्या, आणि थर कठड्यावर तयार टाइलच्या पातळीपेक्षा १५ सेंटिमीटर वर चढवा. स्लॅबच्या नाही, टाइलच्या पातळीपेक्षा. या एका शब्दाच्या फरकावर पुढची अनेक वर्षं अवलंबून असतात. कठड्याच्या माथ्याला गच्चीच्या आतल्या बाजूला ढाळ द्या आणि बाहेर डोकावणाऱ्या कोपिंगच्या (कठड्याच्या माथ्यावरच्या लादीच्या) खालून एक खाच काढा, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळणार नाही.

ओलसर पृष्ठभागावर कोटिंग मारू नका. ऊन लागलं की आतल्या ओलीची वाफ होते आणि थराला फुगे येतात. वरून कोरडं दिसतंय यावर विसंबू नका. हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी खालच्या बाजूला थेंब दिसले तर काम पुढे ढकला.

यानंतर पाणी भरून पाहणं. आउटलेट बंद करून उंच भागावरही तीनेक सेंटिमीटर पाणी राहील इतकं भरायचं आणि २४ ते ४८ तास ठेवायचं. पातळी पेन्सिलने कठड्यावर मांडून ठेवा. उन्हाने थोडं पाणी उडून जाणारच, मग पातळी उतरली ती गळतीने की उन्हाने? त्यासाठी शेजारीच सरळ कडांचं एक पातेलं भरून ठेवा आणि त्यातही खूण करा. दोन्हीकडे सारखीच घट असेल तर हिशेब जुळला. गच्चीचं पाणी जास्त उतरलं असेल तर खालच्या छतावर डाग दिसो न दिसो, गळती आहे. ही चाचणी टाइल बसवल्यावर करणं म्हणजे वरातीमागून घोडे.

आणि चाचणी पास झालेल्या गच्चीला नंतर भोकं पाडू नका. डिश, सोलर पॅनेलचे स्टँड, मांडवाचे खांब, दिव्यांचे पाईप, सगळ्यांना बोल्ट हवा असतो. नळ, विजेचे पॉइंट आणि खांबांचे पाये वॉटरप्रूफिंगच्या आधी ठरवून टाका. जे नंतर सुचेल ते वजनदार काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभं करा.

वजनाचा अंदाज मनाने

राहत्या घराच्या गच्चीचा स्लॅब माणसांच्या आणि सामानाच्या वजनासाठी साधारण दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो धरून आखलेला असतो. आता बघा. ओल्या मातीचा घनमीटर पावणेदोन टनाच्या पुढे जातो, म्हणजे ४५ सेंटिमीटर खोल वाफा दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलो झाला. १,००० लिटरच्या टाकीत १ टन पाणी, तेही जेमतेम एका चौरस मीटरवर. अशा गोष्टी कॉलमवर किंवा बीमवर ठेवतात, स्लॅबच्या मधोमध नाही, आणि ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारतात.

कमी बोललं जातं असं एक वजन आणखी आहे. गळती झाली की जुन्या कोब्यावरच नवा कोबा घालतात. विटांच्या तुकड्यांचा १० सेंटिमीटर कोबा चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतो. दुसऱ्या थरासरशी स्लॅबची सगळी राखीव ताकद तिथेच खर्ची पडते, उंबरा आणखी बुडतो आणि जुन्या थरात मुरलेलं पाणी मध्येच कोंडून राहतं. जुना काढूनच नवा घाला.

टाइल आणि डेक

टाइलबद्दल एकच सांगतो. उन्हात टाइल वाढते, रात्री आकसते. दर ३ ते ४ मीटरवर आणि कठड्याच्या कडेने मोकळा सांधा ठेवून तो रबरासारख्या लवचिक सिलंटने भरा, ग्राउटने नाही. हा सांधा नसला की भर दुपारी दोन टाइल्स एकमेकींना रेटून तंबूसारख्या उभ्या राहतात.

स्लॅबवर डेक टाकताना होणारी मोठी चूक म्हणजे खालची चौकट स्क्रूने स्लॅबला जखडणं. एकेका स्क्रूबरोबर वॉटरप्रूफिंगला एकेक भोक. चौकट उंची कमीजास्त करता येणाऱ्या पेडस्टलवर (सुट्या पायांवर) किंवा रबरी पॅडवर ठेवा. चौकटीच्या पट्ट्या ढाळाला आडव्या थेट स्लॅबवर टेकल्या तर प्रत्येक पट्टी म्हणजे छोटा बांध होतो, म्हणून त्या ढाळाच्या दिशेने तरी लावा किंवा उचलून तरी घ्या. आउटलेटवरच्या फळ्या सुट्या ठेवा. वर्षातून दोनदा तिथे हात घालावा लागतो, आणि तेव्हा अख्खा डेक उकलत बसायला कुणालाच नको असतं.

लाकूड ओलीने रुंदीत फुगतं, डब्ल्यूपीसी उष्णतेने लांबीत वाढतं. त्यामुळे वाळलेल्या लाकडी फळ्यांमध्ये ४ ते ६ मिलिमीटरची फट लागते, तर डब्ल्यूपीसीच्या फळ्यांना दोन्ही टोकांशीही मोकळीक द्यावी लागते. डब्ल्यूपीसीखालच्या पट्ट्या ३० ते ४० सेंटिमीटरवर हव्यात. पैसे वाचवायला त्या ६० वर नेल्या की उन्हाळ्यात फळ्यांना झोळ येतो. गडद रंगाच्या डब्ल्यूपीसीवर दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा आणि मगच रंग ठरवा.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. प्रक्रिया केलेल्या लाकडात बहुधा तांब्याचे क्षार असतात, ते साधा लोखंडी स्क्रू खाऊन टाकतात. समुद्राजवळ ३१६ ग्रेड घ्या. फळी कापली की उघड्या टोकाला सीलर लावायचा, कारण लाकूड पाणी पितं ते मुख्यतः तिथूनच.

डेक जमिनीवर उभा असेल आणि एका बाजूने घराला जोडलेला असेल तर तो जोड खिळ्यांवर सोडू नका. खिळा खालच्या दिशेचं वजन पेलतो, पण बाहेर ओढ बसली की सरकत निघून येतो. दहा-बारा माणसं बाहेरच्या कडेला उभी राहिली की हीच ओढ बसते. तिथे आरपार बोल्ट हवेत आणि जोडाच्या माथ्यावर पत्र्याची झालर हवी, नाहीतर मागचं लाकूड आतल्या आत कुजतं. खांब काँक्रीटमध्ये गाडू नका. लाकूड कुजतं ते काँक्रीट संपतं त्या रेषेवर, म्हणून खांब लोखंडी बुटावर (खांबाखालच्या बैठकीवर) दोन-तीन सेंटिमीटर उचलून बसवा. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावाच लागतो.

डेकमुळे पायाखालची पातळी १२ ते १५ सेंटिमीटरने वर येते, आणि १ मीटरचा कठडा न कळत ८५ सेंटिमीटरचा होतो. उंची नेहमी तयार पृष्ठभागापासून मोजा, १ मीटरच्या खाली जाऊ नका. रेलिंगमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवा. आडव्या दांड्या दिसायला छान, पण लहान मुलाला ती शिडीच.

गळती लागलीच तर

खोलीत डाग दिसतो त्याच्या बरोबर वर दोष असतो असं नाही. पाणी कोब्यातून आडवं वाहतं आणि स्लॅबला जिथे चीर सापडेल तिथे उतरतं. डागाच्या वरच्या दोन टाइल्स काढून तिथेच केमिकल ओतणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आतून छताला रंग मारणं त्याहून वाईट, कारण पाणी आत कोंडतं, सळया गंजून फुगतात आणि प्लास्टर सुटतं.

आधी पाहा, पाऊस नसतानाही ओल वाढते का? वाढत असेल तर गच्चीचा दोष धरू नका. टाकीचा किंवा नळाचा पाईप तपासा. पावसानंतर तासाभरात डाग येत असेल तर आउटलेट किंवा कठड्याची चीर. दोन-तीन दिवसांनी येऊन आठवडाभर टिकत असेल तर कोब्यात पाणी मुरलेलं आहे. दाराखालच्या भिंतीचे पोपडे निघत असतील तर उंबरा. टाइलच्या सांध्यातून पांढरी भुकटी येते तेव्हा खाली पाणी फिरत असतं. वरून ग्राउट भरून ते थांबत नाही.

मग गच्ची भागाभागाने ओली करा. सखल भागापासून सुरुवात, एका वेळी एकच भाग: आधी आउटलेटभोवती विटांचं छोटं आळं करून पाणी भरा, एक दिवस थांबा. मग कडा, मग मधला भाग, शेवटी कठडा. एकदम सगळीकडे पाणी सोडलंत तर गळती दिसेल, पण जागा कळणार नाही. दोषाची जागा सापडली की तिच्या चारही बाजूंनी ३० सेंटिमीटरपर्यंत टाइल उचला, जुन्या चांगल्या थरावर नवा थर किमान १० सेंटिमीटर चढवून घ्या आणि टाइल परत बसवण्याआधी तिथे पुन्हा आळं करून पाणी भरा.