मोबाईलवरून वायरलेस प्रिंट: ‘प्रिंटर सापडत नाही’ असं दिसलं की या चुका टाळा

जूनमध्ये फोंड्याहून वहिनीचा फोन आला. “भावजी, प्रिंटर माझ्या नाकासमोर आहे आणि मोबाईल म्हणतो सापडत नाही. उद्या बँकेत जमिनीचा एक-चौदाचा उतारा द्यायचाय.” मी डिचोलीत बसून तिला जे सांगितलं ते सगळेच सांगतात: अ‍ॅप काढ, परत टाक, प्रिंटर बंद करून चालू कर. तिने तीनदा केलं. काही फरक नाही. शेवटी ती भर पावसात झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उतारा काढून आली आणि मी रविवारी प्रत्यक्ष गेलो. दोष प्रिंटरात नव्हता, मोबाईलमध्येही नव्हता. मीच फोनवर भलते उपाय सांगितले होते.

नातेवाइकांत आणि वाड्यावर मी ‘कॉम्प्युटरवाला’ असल्यामुळे अशी बरीच घरं पाहून झाली आहेत. बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गैरसमज सापडतो, तो म्हणजे मोबाईलवरची प्रिंट इंटरनेटवरून फिरून येते हा. तसं नसतं. मोबाईल घरातल्या वायफायवर हाक मारतो, ‘कोणी प्रिंटर आहे का इथे?’ आणि प्रिंटर ओ देतो. ही हाक त्या एका नेटवर्कपुरतीच असते, राउटर (घरात वायफाय देणारा डबा) ती पलीकडच्या नेटवर्कवर नेत नाही. म्हणून ‘यूट्यूब तर झक्क चालतंय’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट इंटरनेट बंद असलं तरी वायफाय चालू असेल तर प्रिंट निघते. अपवाद आहे तो कंपनीच्या खात्याशी बांधलेल्या, सतत इंटरनेट मागणाऱ्या काही मॉडेलांचा.

गैरसमजाला थोडं कारणही आहे. गूगल क्लाउड प्रिंट नावाची सेवा खरोखरच इंटरनेटवरून प्रिंट पाठवायची. ती ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. तिचे पाठ देणारे जुने व्हिडिओ मात्र अजून फिरतात आणि लोक नसलेलं बटण शोधत बसतात.

अ‍ॅपशी खेळण्याआधी रस्ता तपासा

ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि मी आता हिच्यापासूनच सुरुवात करतो. प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याला मिळालेला आकड्यांचा पत्ता, शोधा. पडदा असलेल्या मॉडेलवर तो नेटवर्कच्या मेनूत दिसतो. पडदा नसेल तर नेटवर्कच्या माहितीचं पान छापून घेता येतं. कुठली बटणं दाबायची ते पुस्तिकेत असतं. समजा १९२.१६८.१.७ असा आकडा मिळाला, तर तो मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाका. शाईची पातळी वगैरे दाखवणारं प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, की रस्ता साफ आहे, घोळ बहुधा मोबाईलच्या प्रिंट सेवेत आहे. घरात दोन राउटर असतील तर मात्र पान उघडूनही हाक पोचत नसेल, ते पुढे येतंच. (ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणून हटकेल. घरच्या प्रिंटरच्या बाबतीत त्याने घाबरायचं कारण नाही.) पान उघडलंच नाही तर अ‍ॅपच्या नादी लागू नका, वायफाय बघा. आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने प्रिंटरला पत्ता दिलेलाच नाही. प्रिंटर वायफायवर आहे हा आपला नुसता समज.

मोबाईल घरात, पण वायफायवर नाही

सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मोबाईल डेटावर असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत हे फारच होतं. चिऱ्याच्या जाड भिंती, राउटर पुढच्या सोप्यावर आणि प्रिंटर माजघराच्या पलीकडच्या खोलीत. तिथे वायफाय क्षीण झालं की मोबाईल स्वतःच्या बुद्धीने डेटाकडे वळतो. प्रिंट देताना डेटा सरळ बंद करा. वायफायचं चिन्ह तरीही टिकत नसेल तर प्रिंटर राउटरजवळ आणा. प्रिंटर टेबलावरच हवा असा कुठे नियम नाही.

मोबाईलवर व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करून पाहा. तो मोबाईलचं सगळं बोलणं दुसऱ्याच वाटेने नेतो, मग घरातल्या घरात हाक कशी पोचणार?

दुसरा राउटर

वहिनीकडे नेमकं हेच झालं होतं. फायबरवाल्याने बसवलेल्या डब्याचं वायफाय मागच्या खोलीत येत नव्हतं, म्हणून भाच्याने बाजारातून आणखी एक राउटर आणला आणि पहिल्याची तार दुसऱ्याच्या ‘वॅन’ खाचेत (जिथून इंटरनेट आत येतं तिथे) घातली. दोन्हीकडे इंटरनेट उत्तम. पण फायबरचा डबा स्वतःच राउटर असतो, त्यामुळे घरात आता दोन नेटवर्क झाली होती. प्रिंटर जुन्यावर, वहिनीचा मोबाईल नव्यावर. एका छपराखाली दोन चुली म्हणा ना!

हे ओळखायला पुन्हा आयपी पत्ताच कामाला येतो. मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये वायफायच्या नावावर दाबलं की मोबाईलचा पत्ता दिसतो. घरगुती राउटरवर पहिले तीन आकडे दोघांचे सारखे असायला हवेत. वहिनीच्या मोबाईलचा होता १९२.१६८.०.५ आणि प्रिंटरचा १९२.१६८.१.७. तिसरा आकडा वेगळा, तिथेच निदान झालं.

उपाय: दुसऱ्या राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकायचा. मग तो वेगळे पत्ते वाटत नाही, नुसता पहिल्याचा आवाज लांबवर पोचवतो. काहीजण याऐवजी प्रिंटर दुसऱ्या राउटरवर जोडून मोकळे होतात. चालतं, पण मग पहिल्या राउटरवर असलेल्यांची तक्रार सुरू होते. एकदाच नीट करून टाकावं.

होमस्टेवाल्यांसाठी वेगळं

हणजूण-कळंगुट पट्ट्यात किंवा आता आत गावांतही ज्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत, त्यांची तक्रार उलटी असते: घरच्यांना प्रिंट मिळते, पाहुण्यांना नाही. पाहुण्यांचं वायफाय ‘गेस्ट’ म्हणून वेगळं असेल तर ते तसंच व्हायला हवं. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं घरच्या नेटवर्कला आणि बहुधा एकमेकांनाही दिसत नाहीत. ते काढून टाका असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दर आठवड्याला नवे चेहरे येणार आणि त्यांना तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत वाट मोकळी करून देणार? बोर्डिंग पास हवा असेल तर पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या आणि आपल्या मोबाईलवरून काढून द्या. हे रोजचंच असेल तर प्रिंटरमधलं वायफाय डायरेक्ट वापरा. त्यात प्रिंटर स्वतःचं छोटं वायफाय उभं करतो आणि पाहुण्याचा मोबाईल थेट त्यालाच जोडला जातो.

यात दोन खाचखळगे आहेत. मोबाईल ‘या नेटवर्कला इंटरनेट नाही’ असं कुरकुरत गुपचूप डेटावर जातो. तेव्हा ‘जोडलेलं राहू द्या’ निवडायचं. दुसरं म्हणजे वायफाय डायरेक्टचा मूळ पासवर्ड बऱ्याच प्रिंटरांवर १२३४५६७८ असतो. तो आजच बदला.

नवा प्रिंटर जोडताना

घरगुती वापरातले अनेक प्रिंटर फक्त २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या वायफायवर चालतात, ५ गीगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. हल्लीचे राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली देतात, त्यामुळे जोडणी करताना गोंधळ उडतो. राउटरमध्ये ५ चा पट्टा तेवढ्यापुरता बंद करा, प्रिंटर जोडा, मग पुन्हा चालू करा. इथे लोक पुढची चूक करतात: मोबाईल कायमचा २.४ वर ठेवतात. गरज नाही. पट्टे दोन असले तरी मुख्य नेटवर्क एकच असतं, मोबाईल ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी दोघांचं जमतं.

राउटरची सुरक्षा ‘फक्त डब्ल्यूपीए३’ (वायफाय सुरक्षेचा नवा प्रकार) वर ठेवली असेल तर जुना प्रिंटर आत येणार नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असलेला पर्याय निवडा. पासवर्ड न टाकता जोडणाऱ्या डब्ल्यूपीएस बटणाने जोडत असाल तर राउटरवरचं बटण दाबल्यावर साधारण २ मिनिटांत प्रिंटरवरचं दाबावं लागतं, आणि ‘फक्त डब्ल्यूपीए३’ असताना हे बटण कामच करत नाही. प्रिंटरचा जोडणी मोडही कायम राहत नाही. सकाळी खोका उघडून ठेवला आणि संध्याकाळी जोडायला बसलात, तर तो मोड पुन्हा चालू करावा लागेल.

प्रिंटर कंपनीचं अ‍ॅप लोकेशन मागतं तेव्हा आपण शहाणपणाने ‘नको’ म्हणतो. प्रिंट काढायला मी कुठे आहे याच्याशी काय देणंघेणं, हा प्रश्न रास्तच आहे. पण अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत आसपासची वायफाय शोधायलाच ही परवानगी लागते. अँड्रॉइड १३ पासून वायफायसाठी ‘जवळची उपकरणं’ अशी वेगळी परवानगी आली. आयफोनवर अ‍ॅप ‘लोकल नेटवर्क’ ची परवानगी मागतं. एकदा ‘नको’ म्हटलं की अ‍ॅपला प्रिंटर दिसत नाही आणि ते पुन्हा विचारायलाही येत नाही, सेटिंग्जमध्ये जाऊनच ती द्यावी लागते. जोडणी झाली की लोकेशन परत काढून घ्या, मीही काढतो.

रोजच्या प्रिंटसाठी खरं तर या अ‍ॅपची गरज बहुधा नसतेच. आयफोनमध्ये २०१० पासून एअरप्रिंट ही प्रिंटची सोय आतच आहे आणि अँड्रॉइडमध्ये ८ व्या आवृत्तीपासून ‘डिफॉल्ट प्रिंट सर्व्हिस’ आतच येते. सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटिंग’ शोधा आणि ती चालू आहे ना बघा. तिच्या जोडीला कंपनीची आणि आणखी कुठली सेवा चालू असेल तर एकच प्रिंटर यादीत तीनदा दिसतो आणि माणूस नेमका मेलेला निवडतो. एक ठेवा, बाकीच्या बंद करा.

काल चालत होता, आज नाही

पावसाळ्यात हा फोन हमखास येतो, बहुतेक वेळा वीज जाऊन आल्यावर. वीज आली की प्रिंटर आधी जागा होतो, राउटर अजून उठतच असतो. प्रिंटर वायफाय शोधतो, मिळत नाही, आणि काही मॉडेलं मग प्रयत्नच सोडून देतात. त्यामुळे क्रम पाळा: आधी राउटर, त्याचे दिवे स्थिर झाले की प्रिंटर. कधी कधी राउटर प्रिंटरला नवाच आयपी पत्ता देतो. तुम्ही पत्ता हाताने टाकून प्रिंटर जोडला असेल तर मोबाईल जुन्या पत्त्यावरच हाका मारत बसतो. राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे.

वायफायचा पासवर्ड बदलला असेल तर तो प्रिंटरलाही सांगावा लागतो. हसू नका, घरातले सगळे मोबाईल आठवतात, प्रिंटर कोणाला आठवत नाही.

प्रिंटर सापडला, पण प्रिंट नीट नाही

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो: इंग्रजी नावातली पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. फाइल उघडून पासवर्ड दिल्याशिवाय प्रिंटला पाठवली तर काही निघत नाही, किंवा नुसती त्रुटी येते. देवस्थान समितीची पत्रिका वर्डमध्ये आली आणि मोबाईलवर अगम्य चिन्हं दिसली तर ती बहुधा जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये केलेली असते. तो फॉन्ट मोबाईलमध्ये नाही, प्रिंटर बदलून काही होणार नाही. पाठवणाऱ्याकडूनच पीडीएफ मागवा.

पावसात उघडं राहिलेलं कागदाचं रीम ओलसर होतं, पानं एकमेकांना चिकटून आत जातात आणि अडकतात. रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं घाला.

राहिला कागदाचा आकार. बऱ्याच मोबाईलमध्ये प्रिंट देताना आकार ‘लेटर’ असा आधीच निवडलेला असतो, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपण ट्रेमध्ये घालतो ए-फोर, २१० बाय २९७. काही प्रिंटर मुकाट्याने छापतात आणि कडा कापतात. काही मात्र दिवा लुकलुकवत थांबून राहतात, कोणीतरी येऊन बटण दाबेल म्हणून. तेव्हा मोबाईलवर पुन्हा पुन्हा ‘प्रिंट’ दाबू नका. आधी रांगेतली कामं रद्द करा, आकार ए-फोर करा, मग एकदाच पाठवा.

राउटरचं जमवून मी घरी आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी वहिनीने भाच्याच्या शाळेचा अर्ज छापायला घेतला. दिवा लुकलुकत होता, ती दाबत राहिली. संध्याकाळी भावाने येऊन प्रिंटरवरचं बटण दाबलं आणि एकामागून एक अकरा अर्ज बाहेर आले. एक शाळेत गेला. दहा पाठकोऱ्या कागदांवर भाचा अजून गणितं सोडवतोय.